ठाण्यातला एखादा वर्दळीचा रस्ता चालण्याजोगा करून घ्यायचा, तर...

‘आमच्या भागातला रस्ता सुरक्षित करा’ असा अर्ज महापालिकेत दिला की त्याला आवक क्रमांक मिळतो आणि त्यापुढे काहीच मिळत नाही. अर्ज वाचणाऱ्या उपअभियंत्याला त्यात करण्यासारखं काही सापडत नाही, हे त्याचं कारण. तोच अर्ज ‘शाळेच्या फाटकासमोर, विजेच्या अमुक क्रमांकाच्या खांबापाशी, पदपथाच्या उंचीचं क्रॉसिंग बांधा’ असा असेल, तर त्याचं अंदाजपत्रक काढता येतं, निविदा निघते आणि काम झालं की नाही हे कुणालाही जाऊन बघता येतं. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या अर्जापर्यंत कसं पोचायचं आणि त्यानंतर काय करायचं याबद्दल आहे. उदाहरणं ठाण्याची आहेत. नवी मुंबईकरांना खात्यांची नावं तेवढी बदलावी लागतील.

आधी तुकडा निवडा

सबंध घोडबंदर रस्ता सुधारायला निघू नका. चारशे-पाचशे मीटरचा एकच तुकडा घ्या, ज्यावर शाळा, बाजार, टीएमटीचा (शहर बसचा) थांबा किंवा दवाखाना आहे आणि लोक रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. पोखरण रस्ता, वर्तकनगर, मानपाडा, कासारवडवलीच्या आतले रस्ते, कळव्याचा नाका, कुठेही असा तुकडा सापडेल. रुंद केलेले रस्ते आधी बघा. रुंदीकरणाने कोंडी किती काळ सुटते हा वादाचा विषय आहे, पण कोंडी नसलेल्या वेळी गाड्या तिथे सुसाट जातात आणि ओलांडायचं अंतर वाढतं, यात वाद नाही.

सरकारी भाषेतल्या ‘ब्लॅक स्पॉट’च्या व्याख्येत आपला तुकडा बसतो का, हे बघण्यात मात्र फार वेळ घालवू नका. साधारण ५०० मीटरच्या लांबीत तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणांतिक अपघात, नाहीतर दहा मृत्यू, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे यादीत येण्यासाठी आधी माणसं मरावी किंवा जायबंदी व्हावी लागतात. ज्या रस्त्याला घाबरून आजी-आजोबांनी घराबाहेर पडणंच सोडलं, तो या यादीत कधीच येणार नाही.

रस्ता कोणाचा, हे लेखी काढा

बहुतेक तक्रारी इथेच मरतात. ठाण्यात आतले रस्ते महापालिकेचे. घोडबंदर रस्त्यावर सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए आणि महापालिका यांची कामं एकमेकांत गुंतलेली: वर मेट्रो ४ चे खांब, बाजूला सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचं काम, खाली गटारं आणि जलवाहिन्या. नवी मुंबईत महापालिका, सिडको, औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी आणि सायन-पनवेल महामार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग अशी वाटणी आहे. प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवतं, आणि बरेचदा ते खरंही असतं.

यावर एक साधा माहिती अधिकार अर्ज पुरतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, ऑनलाइनही करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. विचारायचं एवढंच: या तुकड्याची मालकी आणि देखभाल कोणाकडे आहे, शेवटचं काम कोणत्या कार्यादेशाने झालं, त्याचा दोष दायित्व कालावधी (कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो आणि मंजूर आराखड्यात पदपथाची रुंदी किती दाखवली आहे. शेवटचा प्रश्न सोडू नका. कागदावर दोन मीटर असलेला पदपथ जागेवर सत्तर सेंटिमीटर भरला, तर पुढचं भांडण अर्धं जिंकल्यासारखं असतं. उत्तर आलं नाही तर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिलं अपील करा; पुष्कळदा माहिती अपिलाच्या सुनावणीआधीच टेबलावर येते.

रंगरंगोटी, पदपथ, गतिरोधक ही कामं रस्ता ज्याचा त्याने करायची. पण पार्किंग बंदी, एकदिशा मार्ग, जड वाहनांच्या वेळा हे सगळं वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने होतं. ती मोटार वाहन कायद्याखाली वाहतूक उपायुक्त काढतात, बरेचदा आधी प्रायोगिक तत्त्वावर, हरकती व सूचना मागवून. सोसायट्यांचे लोक या हरकतींच्या मुदतीत झोपलेले असतात आणि नंतर वर्षभर बोंब मारतात. मुदत कळली की बाजूनेही पत्र द्या. फक्त विरोधाचीच पत्रं जाण्याची प्रथा मोडायला हवी.

मोजणी: दोन माणसं, एक टेप, एक मोबाइल

‘गाड्या फार जोरात जातात’ हे मत झालं. आकडा मिळवणं सोपं आहे. रस्त्याच्या कडेला टेपने ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूने खूण करा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेवर बंद. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. सहा सेकंद म्हणजे ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०, तीन सेकंद म्हणजे ६०. कोंडीत मोजू नका. दुपारी दोन-तीनला किंवा रात्री दहानंतर, गाड्या मोकळ्या धावतात तेव्हा, समोर अडथळा नसलेल्या शंभर गाड्या मोजा. वेगवान ते संथ अशी यादी लावा आणि वरून पंधराव्या गाडीचा वेग बघा. अभियंते साधारण याच आकड्याने बोलतात: शंभरांपैकी पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत असतात तो वेग.

हे का मोजायचं? पादचाऱ्याचं मरण रस्त्याच्या नावावर ठरत नाही, धडकेच्या वेगावर ठरतं. चालकाला भानावर यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली गाडी साधारण तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते आणि ५० च्या वेगातली अठ्ठावीस मीटरमध्ये. पावसात त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वेग ५० वरून ६५ वर गेला तर गाडीच्या समोरच्या भागाची धडक बसलेला पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती.

दुसरी मोजणी ओलांडणाऱ्यांची. शाळा सुटण्याची वेळ आणि संध्याकाळी सहा ते आठ, पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे. नकाशावर लोक प्रत्यक्षात कुठून ओलांडतात त्याचे ठिपके काढा. पट्टे एकीकडे आणि ठिपके दुसरीकडे, हे तुम्हाला जवळपास हमखास दिसेल. लोकांना शिस्त नाही असं म्हणायच्या आधी बघा की रिक्षा स्टँड, थांबा आणि भाजीची गाडी कुठे आहे. माणूस सगळ्यात जवळच्या वाटेने जाणार, पट्टे त्याच्या वाटेवर यायला हवेत.

इथे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसचा एक जुना निकष कामाला येतो. गर्दीच्या तासातली ओलांडणाऱ्यांची संख्या गुणिले त्या तासातल्या वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा आकडा १० कोटींच्या पुढे गेला, दुभाजक असलेल्यावर २० कोटींच्या, तर नियंत्रित क्रॉसिंगचा विचार करायचा. ३०० माणसं आणि १,५०० वाहनं असतील तर उत्तर ६७.५ कोटी येतं. ठाण्यातल्या शाळेसमोर याहून कमी निघणं कठीण. निकष आणखीही आहेत, पण एवढा गुणाकार अर्जात असला की ‘बघतो’ म्हणणाऱ्याला बघावंच लागतं.

तिसरी फेरी पायी. छत्री उघडून चाला, मग बाबागाडी ढकलत चाला, जमलं तर व्हीलचेअर वापरणाऱ्या शेजाऱ्याला सोबत घ्या. कुठे रस्त्यावर उतरावं लागलं त्याचा फोटो आणि कारण नोंदवा: महावितरणचा बॉक्स, बेवारस गाडी, फुटलेलं गटाराचं झाकण, निघालेले पेव्हर ब्लॉक, होर्डिंगचा पाया, सोसायटीने आपल्या फाटकासाठी केलेला उतार. आपल्याच सोसायटीचा उतार यादीतून वगळू नका. रात्री नऊनंतर एक फेरी आणि मोठ्या पावसात एक फेरी लागतेच, कारण पाणी साचलं की लोक रस्त्याच्या मध्यातून चालतात आणि सायकलवाल्याला खड्डा दिसत नाही.

आधी वेग, मग बाकी सगळं

२०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किमी आहे आणि दुचाकी व मालवाहू वाहनांची ६०. ती कमी करण्याचा अधिकार राज्याकडे आहे. आपल्या तुकड्यावर ३० मागा. शाळा आणि बाजार असलेल्या, माणसं-गाड्या एकत्र वावरणाऱ्या रस्त्यांना जगभर हीच मर्यादा सुचवली जाते. मात्र नुसत्या पाटीने वेग कमी होत नाही. रस्त्याचा आकारच गाडीला तसं सांगणारा हवा.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो गतिरोधक. तो मागा, पण नमुना सांगून मागा. इंडियन रोड काँग्रेसच्या नमुन्यातला उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, गोलसर असतो. ताशी २५ च्या आसपास गेलं तर धक्का बसत नाही. आपल्याकडे एका रात्रीत उभा राहणारा डांबराचा ढिगारा किंवा नटबोल्ट उघडे पडलेली रबरी पट्टी म्हणजे हे नव्हे. तसल्या गतिरोधकाने मोटारीला काही होत नाही. दुचाकीवर मागे बसलेली बाई पडते आणि सायकलचं चाक वाकडं होतं. विनापरवानगी गतिरोधक कुणी टाकत असेल तर थांबवा, अगदी आपल्या पॅनेलचा नगरसेवक असला तरी. पांढरे-पिवळे पट्टे, आधी ४० मीटरवर सूचनाफलक आणि वर दिवा, हे सोबत हवंच.

त्याहून चांगली गोष्ट म्हणजे पदपथाच्या उंचीचं रुंद क्रॉसिंग, ज्याला अभियंते टेबलटॉप म्हणतात. वेगही कमी होतो आणि ओलांडणारा खाली उतरत नाही, गाडी त्याच्या पातळीवर चढते. पावसाचं पाणी अडू नये म्हणून दोन्ही कडांना झाकलेली चर ठेवायला आग्रहाने सांगा. ती विसरली की पहिल्या पावसात तळं होतं आणि मग लोकच तो उंचवटा काढा म्हणतात.

कोपऱ्यांकडे सहसा कुणी बघत नाही. वळणाचा कोपरा जितका मोठा आणि गोल, तितकी गाडी न थांबता वळते. ‘फ्री लेफ्ट’च्या नावाखाली ठाण्यातल्या कित्येक नाक्यांवर पादचाऱ्याला सिग्नल कधी मिळतच नाही. कोपरा आखूड करून पदपथ पुढे आणला तर वळणारी गाडी हळू येते, ओलांडायचं अंतर घटतं आणि कोपऱ्यावर गाडी लावायला जागाच उरत नाही. कोपऱ्यापासून निदान दहा मीटर पार्किंग नको, हेही अर्जात घाला. उभ्या एसयूव्हीमागून निघणारं सात वर्षांचं मूल चालकाला दिसतच नाही.

ओलांडण्याची जागा

रस्ता चार पदरी असेल तर मध्ये थांबायला जागा हवी. दुभाजक कापून पट्टे ओढणं पुरेसं नाही. बाबागाडी मावेल एवढी, दीड-दोन मीटर रुंद बेटासारखी जागा हवी, तिच्या दोन्ही टोकांना भक्कम खांब आणि प्रकाश. मग माणूस एका वेळी एकाच बाजूच्या गाड्यांकडे बघून निर्णय घेतो.

सिग्नल असेल तर सेकंद मोजा. साधारण हिशोब सेकंदाला १.२ मीटर चालण्याचा धरतात. १६ मीटर ओलांडायला तेरा-चौदा सेकंद होतात. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग ०.८ धरला तर वीस. सिग्नलवर दहाच सेकंद मिळत असतील तर ते लेखी द्या. वेळ बदलायला खोदकाम लागत नाही, त्यामुळे ही मागणी सगळ्यात लवकर मान्य होते आणि गटाचा उत्साह टिकतो.

बसथांबा क्रॉसिंगच्या पुढे हवा, अलीकडे नको. बस थांब्यावर उभी असताना तिच्या पुढून ओलांडणारा माणूस मागून येणाऱ्या दुचाकीला दिसत नाही. टीएमटीला पत्र देऊन थांबा पंचवीस-तीस मीटर सरकवता येतो.

पादचारी पुलाची सूचना हमखास येईल, विशेषतः लोकप्रतिनिधींकडून, कारण त्यावर नाव लावता येतं. सहा-सात मीटर चढून उतरण्यापेक्षा लोक खालून पळतात, आणि पूल बांधला की खालचं क्रॉसिंग बंद करायला निमित्त मिळतं. महामार्ग सोडला तर शहरातल्या रस्त्यावर मी तरी पूल मागणार नाही.

पदपथ

मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर, हा मानक आहे, बाजारपेठेत २.५ मीटर रुंदी. ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. झाड, खांब आणि बॉक्स या मापात धरायचे नाहीत. कडेची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको, नाहीतर गुडघे साथ देत नाहीत आणि लोक रस्त्यानेच चालतात. दर फाटकापाशी पदपथ खाली-वर करण्याऐवजी पदपथ सपाट ठेवून गाडीने चढ-उतार करायचा.

दुचाकी चढू नयेत म्हणून खांब लावतात. त्यातलं अंतर व्हीलचेअर जाईल एवढं ठेवलं की दुचाकीही जाते, हे सत्य आहे. दुचाकी जाऊ नये म्हणून अंतर कमी केलं तर व्हीलचेअर अडकते. खांब चारचाकीला रोखतात, दुचाकीला दंडच रोखतो.

फेरीवाल्यांवर तुटून पडणं सोपं असतं. पण आपली मोजणी नीट बघा: बहुतेक ठिकाणी उभ्या मोटारींनी जास्त जागा खाल्लेली असते आणि त्या विकत काहीच नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आणि विक्री क्षेत्रं यांची सोय आहे. भाजीवाल्याला पदपथावरून हटवून पार्किंगच्या एका पट्ट्यात अधिकृत जागा मागितली, तर तो तुमच्या अर्जावर सही करतो.

सायकल

आपल्याकडे सायकल म्हटलं की रविवारी पहाटे हेल्मेट घालून गायमुखकडे निघालेला गट डोळ्यासमोर येतो. रोज सायकल चालवतो तो पाववाला, दूधवाला, वागळे इस्टेटचा कामगार, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक. तो पहाटे चार-पाचला आणि रात्री अकराला रस्त्यावर असतो, म्हणजे गाड्या सर्वांत जोरात असतात तेव्हा. तुमची मोजणी त्या वेळीही करा.

वेग खरोखर ३० वर आला तर वेगळ्या मार्गिकेची गरज नाही, सायकल गाड्यांसोबत चालू शकते. वेग ५० च्या पुढे राहणार असेल तर कठड्याने वेगळी केलेली, निदान दोन मीटरची मार्गिका हवी. या दोन्हींच्या मधला, नुसता हिरवा रंग फासलेला पट्टा घेऊ नका; महिन्याभरात ते पार्किंग होतं. पैसा आणि जागा दोन्ही नसेल तर तीन बारीक गोष्टी मागा: गटाराच्या जाळ्यांच्या पट्ट्या चालीच्या दिशेला आडव्या, कडेच्या दीड मीटरमध्ये डांबर आणि काँक्रीटचा सांधा सपाट, आणि पट्ट्यांसाठी साध्या रंगाऐवजी खडबडीत थर्मोप्लास्टिक. पावसात साधा रंग निसरडा होतो, आणि दुचाकीवालेही यासाठी दुवा देतील.

अर्ज आणि पाहणी

अर्ज दोन पानांचा. पहिल्या पानावर नकाशा, क्रमांक घातलेल्या पाच-सहा जागा आणि प्रत्येकीसमोर एक ओळ: काय हवं, कोणी करायचं. दुसऱ्या पानावर मोजणीचे आकडे. फोटो सोबत. भावना नकोत, त्या पाहणीला येऊन बोला. प्रति कार्यकारी अभियंता आणि प्रभाग समितीचे सहाय्यक आयुक्त, प्रत वाहतूक शाखेच्या उपविभागाला आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना. शाळेचं स्वतंत्र पत्र जोडा, त्याचं वजन सोसायटीच्या पत्राहून जास्त असतं.

मग एकच गोष्ट मागत राहा: संयुक्त पाहणी. अभियंता, वाहतूक पोलीस आणि तुम्ही एकाच वेळी, एकाच जागी, शाळा सुटताना. तिथे जे ठरेल त्याचं टिपण त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवा: ‘आज झालेल्या पाहणीत पुढील बाबी मान्य झाल्या’. कुणी नाकारलं नाही तर ते इतिवृत्तच. काहीच हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती हे दोन दरवाजे आहेत.

कायद्याचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या आरेखन-देखभालीत मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग मानला. धमकीच्या सुरात लिहिलं तर फाइल विधी विभागाकडे जाते आणि तिथेच राहते.

वेळ साधा. आयुक्तांचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून मोजणी पावसाळ्यात आणि अर्ज ऑक्टोबरपर्यंत. एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जाला ‘तरतूद नाही’ हे उत्तर ठरलेलं. छोट्या कामांना नगरसेवक किंवा आमदार निधी चालतो.

आधी करून बघा

कोपरा आखूड करायला किंवा मध्ये बेट टाकायला अभियंता कचरतो, कारण कोंडी झाली तर बोलणी त्यालाच खावी लागतात. मग वाहतूक पोलिसांच्या परवानगीने आठवडाभर कोन, पिंप आणि फक्की वापरून तीच रचना तात्पुरती मांडा. स्वयंसेवक चमकदार जाकिटात, आणि फक्त उजेडात. रात्रीसाठी परावर्तक लावलेले अडथळे. आधीची आणि प्रयोगातली शंभर-शंभर गाड्यांची मोजणी समोरासमोर ठेवली की चर्चा मतांवरून आकड्यांवर येते.

या आठवड्यात दुकानदार येतील. पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल, ही त्यांची भीती खरी असते, तिची टिंगल करू नका. दुकानात येणाऱ्या पन्नास जणांना ‘कसे आलात?’ एवढंच विचारा, तेही दुकानदारासोबत उभं राहून. पायी आणि रिक्षाने येणारे किती निघतात, हे त्यांनाही बघू द्या. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बाकं आली; शंका असलेल्यांना एकदा तिथे चक्कर मारायला सांगा. मालवाहू टेम्पोसाठी सकाळच्या वेळा राखून दिल्या की निम्मा विरोध विरतो. रुग्णवाहिकेचा मुद्दाही निघेल. नमुन्याप्रमाणे बांधलेला उंचवटा तिला फार अडवत नाही. दुहेरी पार्किंग अडवतं.

काम झाल्यावर

बिल निघायच्या आधी टेप घेऊन जा. उंचवट्याची उंची, क्रॉसिंगची रुंदी, पदपथाचा उतार (एकास बाराहून तीव्र नको), जाळ्यांची दिशा मोजून अभियंत्याला त्याच दिवशी लेखी कळवा. बिल गेल्यावर कंत्राटदाराला फोन लागत नाही.

नंतर खरा शत्रू खोदकाम. गॅस, केबल, पाणी, कुणी ना कुणी सहा महिन्यांत येतोच. परवानगीचं पत्र जागेवर दाखवायला सांगा, त्यात पूर्ववत करण्याची अट असते. आधीचा फोटो तुमच्याकडे आहेच. मेपूर्वी उघडे सांधे आणि सुटे ब्लॉक यांची यादी द्या, आणि रंगाचं काम पावसाळा संपल्यावरच घ्यायला लावा. दोष दायित्व कालावधीची तारीख सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहून ठेवा आणि ती संपायच्या दोन महिने आधी शेवटची संयुक्त पाहणी मागा. त्या मुदतीतली दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते, नंतरची पुढच्या अर्थसंकल्पाची वाट बघते.